बुडीच्या तळ्याचा नकाशा

त्या उन्हाळ्यात आमच्या अंधेरीच्या घरात हिंगाचा वास भरून राहिला होता आणि आईला त्याचा भयंकर राग यायचा. हिंग फोडणीचा नव्हता, आमिषाचा होता. दत्तूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून होता आणि आमच्याकडेच राहायचा. आठवडाभर खर्डेघाशी करायची आणि रविवारी सायकलला बांबूच्या काठ्या बांधून पवईच्या तलावावर जायचं, हा त्याचा धर्म. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि डबीतला निम्मा हिंग एकत्र मळून तो सुपारीएवढ्या गोळ्या करायचा आणि खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घालायचा. आई म्हणायची, “माणसांच्या आमटीला चिमूटभर आणि माशांना डबीभर. जावई आहेत का ते तुझे?” मामा हसून म्हणायचा, “ताई, कटला हिंगाच्या वासावरच येतो गं, तुला नाही कळायचं.” तो आणेल तो मासा आई रांधायची खरी, पण आम्ही सगळे समुद्राच्या माशावर वाढलेले, त्यामुळे पानात वाढताना ती नाक मुरडायचीच. वर्सोव्याहून पाटी घेऊन येणारी हिराबाई कोळीण तर त्या गोळ्या बघून दारातच कपाळावर हात मारायची. “तलावाचं मावरं? तोंडाला चिखलाचा वास येल बाय,” असं म्हणून ती बोंबील मोजायला बसायची.

मामाच्या जोडीला मधू असायचा. समोरच्या चाळीत आईबरोबर राहायचा, विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होता. वडील नव्हते. तो आला की फाटकाच्या गजांवरून बांबूची काठी खडखडत न्यायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि आमची अख्खी वाडी उठून बसायची. मी तेव्हा नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरात बसले होते, म्हणून तो मला ‘मॅट्रिक’ म्हणायचा. “काय मॅट्रिक, पास होणार ना? नाहीतर कारखान्यात चिकटवतो तुला, माझ्या हाताखाली.” मी त्याला उलट बोलायचे आणि तो गेल्यावर तेच संभाषण मनात पुन्हा पुन्हा घोळवायचे. आता या वयात लपवून काय करायचंय? मला तो फार आवडायचा. त्याला हे कळलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पवईचा तलाव दोघांना पाठ झाला होता. कुठल्या दगडाखाली किती पाणी, कुठे गळ अडकतो, कुठे नुसत्या चिंगळ्या, सगळं. म्हणून त्या वैशाखात दोघांनी मोठा बेत आखला. डोंगराच्या पलीकडे दोन तळी होती, एक खिंडीतलं आणि एक त्याच्याही पुढचं, ज्याला लोक बुडीचं तळं म्हणायचे. मधूच्या कारखान्यातला कोणीतरी तिकडून हाताएवढा कटला घेऊन आला होता. मधू तो हात दाखवायचा तेव्हा दर खेपेला खांद्यापासून मोजायचा. रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत बैठक बसायची. किती वाजता निघायचं, सायकली कुठपर्यंत जातील, पुढे पायी किती, स्टोव्ह न्यायचा की काटक्या गोळा करायच्या, गांडुळांचा डबा कोणी धरायचा. मामा हे सगळं ऑफिसातल्यासारखं मुद्देसूद लिहून काढायचा आणि मधू त्यावर शेंगांची टरफलं टाकायचा. मी गहू निवडायच्या निमित्ताने तिथेच. एकदा धीर करून विचारलं, “मी येऊ?” मामा म्हणाला, “निकाल लागू दे आधी.” आईने आतून नुसतं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे विषय संपला. तेव्हा मधू म्हणाला, “असं कर ना, नकाशा तू काढ. मग तू आलीसच की आमच्याबरोबर.”

नकाशा मी काढायचा, यात कोणालाच नवल वाटलं नाही, कारण आमचं घर ड्राफ्ट्समनचं. अण्णा, माझे वडील, आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे उतरवत आले. त्यांना मुलगा नव्हता म्हणून की काय, त्यांनी आपली सगळी विद्या मला दिली होती. घरात तिचे नियम होते आणि ते देवाच्या नियमांसारखे पाळले जायचे. जे डोळ्यांना दिसतं ते अखंड रेषेत, जे जमिनीखाली किंवा पाण्याखाली आहे ते तुटक रेषेत. डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसायचा नाही, वाळू द्यायचा आणि ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचा. खरवडलेल्या जागी शाई फुटते, म्हणून तिथे पुन्हा बारीक रेघ मारायची नाही, ती जागा उत्तरदिशेच्या बाणाने नाहीतर एखाद्या चौकटीने झाकायची. आणि फेअर झालं की रफ फाडून टाकायचं, नाहीतर दोन कागद राहतात आणि भांडणं होतात. अण्णांच्या हाताखालून गेलेल्या कागदावर कधी डाग नसायचा. ऑफिसात त्यांचा तोच लौकिक होता, दुसरा काही नव्हता.

तळ्याची माहिती आणायची म्हणून मामाने भिवाबाबांना गाठलं. ते आमच्या वाडीची आणि आजूबाजूच्या दोन-तीन बंगल्यांची बाग बघायचे. सत्तरी उलटलेले, वाळलेल्या खारकेसारखे. बुडीच्या तळ्यात बुडलेलं गाव त्यांचंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पाणी घालता घालता ते झाडांनाही तेच सांगत असायचे. मामाने शनिवारी विचारलं आणि ते आले मंगळवारी भर दुपारी, पुरुषमाणसं कामावर आणि आई आत निजलेली असताना. पायरीवर बसले, माझ्या हातातली पेन्सिल मागितली आणि अण्णांच्या एका रफ कागदावर आख्खं गाव काढलं. आधी बांध. मग उगवतीच्या काठावरचं चिंचेचं वठलेलं खोड. मग अकरा घरं, प्रत्येक घरात कोण राहायचं ते सांगत. गावदेवी. खळं. मी विचारलं, “बाबा, अजून आहेत ती घरं पाण्याखाली?” ते म्हणाले, “चौथरे हायती. वैशाखात पानी हटलं का वर येतात. मी जातो ना दर साली, आमच्या वट्यावर बसून येतो.” एवढं बोलून त्यांनी चिंचेच्या समोर एक छोटा गोल काढला आणि पेन्सिलचं टोक त्यावर दाबून धरलं. “ही बाव. माझ्या बापानं बांधलेली. ही काय वर येत नाय. कठडा पडला, त्यावर गुडघाभर पानी ऱ्हातं, वरून काय सुदिक दिसत नाय. चिंचेपासून चाळीस पावलं. तिथं पाय टाकला का मानूस गेला. पोरांना सांग बरं का पोरी.” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे वसईला गेले.

मी ट्रेसिंगचं कापड ताणून बसवलं आणि दोन दिवस त्या नकाशावर घातले. एवढ्या प्रेमाने मी पुढे कधी काही केलं नसेल. डोंगरांना बारीक केसासारख्या रेघा, पायवाटेला ठिपके, झाडांना झुबके. विहीर मी काढली होती, नियमाप्रमाणे तुटक रेषेतला गोल. मग हात उचलताना पेनातून शाईचा थेंब पडला तो नेमका तिथे. मला रडूच आलं. थेंब वाळू दिला, ब्लेडने खरवडला, आणि खरवडला असा सुरेख की डागाची खूण राहिली नाही. पण गोलही गेला. पुन्हा काढावा तर शाई फुटणार, सगळं पाणी काळं होणार. मी स्वतःशी म्हटलं, काठावर बसून गळ टाकणार आहेत, पाण्यात कोण जातंय? आणि विहीर तोंडाने सांगता येईल. ती खरवडलेली जागा उघडी दिसत होती म्हणून मी तिथे एक मासा काढला. चांगला ठळक, खवल्यांचा, शेपटी उडवणारा. मग रफ कागद फाडला आणि बंबात टाकला.

शनिवारी संध्याकाळी नकाशा उघडला. अण्णांनी चष्मा लावून तो दिव्याजवळ धरला, मागूनपुढून पाहिला आणि म्हणाले, “एक डाग नाही.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. मामा म्हणाला, “झकास.” मधू वाकून बघत होता. त्याच्या डोक्याला खोबरेलाचा वास येत होता. त्याने माशावर बोट ठेवलं. “हा काय, मॅट्रिक? इथे मासा आहे होय? मग झालं तर, आपण इथेच टाकायचा गळ. काय रे दत्तू?” सगळे हसले आणि मीही हसले. ती वेळ होती. विहीर म्हणायला किती वेळ लागतो? पण विहीर म्हणायची तर डाग म्हणावा लागणार होता, आणि अण्णांनी नुकतंच ते वाक्य उच्चारलं होतं. मी ठरवलं, पहाटे निघताना मामाला एकट्याला गाठून सांगू. पहाटे मला जाग आली नाही. फाटकाच्या गजांवरून काठी खडखडली ती मी झोपेत ऐकली आणि कूस बदलली.

हे मी किती वेळा लिहायला घेतलं आणि सोडलं, त्याची गणती नाही. आता बोरिवलीला नवव्या मजल्यावर राहते. इथे फाटक खाली कुठेतरी आहे, त्याचा आवाज वर येत नाही. तरी दुपारी पडलं की कानाशी ते खडखडणं येतं, एका टोकापासून निघतं आणि दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत थांबतं. मी उठून बसते. सून म्हणते, आई, शेजारी काम चाललंय. मी बरं म्हणते.

मामा परत आला तेव्हा आई रात्रीची पानं घेत होती. रविवार म्हणून तिने मुद्दाम मासळी आणली नव्हती, तळ्याची येणार म्हणून नुसतं वाटण करून ठेवलं होतं. तो एकटाच दारात उभा होता, छातीपर्यंत चिखल वाळलेला, पायात वहाणा नाहीत. आईने विचारलं, “मधू कुठाय?” तो दाराची चौकट धरून खाली बसला. नंतर अण्णांनी त्याच्याकडून एकेक शब्द काढून घेतला, तो असा. पाणी खूप हटलेलं होतं, काठावरून गळ पोचेना. मधूने विजार गुडघ्यावर चढवली आणि म्हणाला, मॅट्रिकच्या माशापाशी जाऊन येतो. पाणी गुडघ्याएवढंच होतं. तो वळून काहीतरी सांगत होता आणि बोलता बोलता दिसेनासा झाला. मामा आधी हसला. त्याला वाटलं, खाली बसून गंमत करतोय. पोहायला दोघांनाही येत होतं, पण आत गाळ होता आणि पडलेल्या कठड्याचे दगड. पाड्यावरच्या लोकांनी दोर आणि आकडे आणून त्याला काढला तोवर उन्हं डोक्यावर आली होती. त्या लोकांनीच सांगितलं, इथे बुडालेल्या गावाची बाव आहे म्हणून. एवढं सांगून मामा म्हणाला, “म्हाताऱ्याने सांगायला नको होतं?” आणि मग तेच सारखं म्हणत राहिला. मी दाराआड उभी होते.

मामाने दुसऱ्या दिवशी काठ्या कोयत्याने तोडल्या आणि आईने त्या बंबात घातल्या. बांबू जळताना फटफट फुटतो. त्या पाण्याने मी आंघोळ केली नाही, तशीच बसून राहिले, तर आईला वाटलं मला ताप आला. खिडकीतल्या गोळ्या मात्र कोणी उचलल्या नाहीत, मुंग्यांनीच संपवल्या. नकाशा मामाच्या शर्टाच्या खिशात होता. चिखलाने त्या कापडाचा बोळा झाला होता, तो अण्णांनी टाकून दिला.

तेरावा झाला आणि मधूची आई आमच्याकडे येऊ लागली. काकू रोज दिवेलागणीला यायच्या. गॅलरीत मामासमोर बसायच्या. चहा पुढे ठेवला तर घ्यायच्या नाहीत. मग विचारायच्या, “कोणी सांगितलं नव्हतं का रे, दत्तू?” मामा म्हणायचा, “नाही हो काकू. म्हातारा गाव काढून गेला, पण विहीर नाही बोलला.” त्या मान हलवायच्या, थोडं बसायच्या आणि उठून जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत. रागाने नाही, खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं. अनोळखी पाण्यात आपला मुलगा जाईल आणि कोणी एक शब्द बोलणार नाही, हे त्यांना पटतच नव्हतं. मी तिथेच ताटात तांदूळ घेऊन बसायचे. खडे कधीच संपलेले असायचे. रोज मी मनाशी म्हणायचे, आज त्यांनी विचारलं की सांगायचं. त्या विचारायच्या. मी ताट हलवायचे आणि पहिल्यापासून निवडायला घ्यायचे.

भिवाबाबा महिन्याने परतले. त्यांना वसईला काही कळलं नव्हतं. नेहमीसारखे झारी घेऊन फाटकातून आत आले आणि मामा गॅलरीतून उतरून त्यांच्या अंगावर धावून गेला. अण्णांनी त्याला आवरलं. वाडीतले लोक गोळा झाले. अण्णा कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही नाही चढवला. एवढंच म्हणाले, “बाबा, तुमच्या गावची विहीर. तुम्ही ती का नाही दाखवलीत?”

भिवाबाबांनी सगळं ऐकून घेतलं. मधूचं नाव ऐकलं तेव्हा त्यांनी झारी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “दावली व्हती सायेब.”

“कोणाला?”

“पोरीला. कागदावर दावली.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “कागदावर असती तर तिने उतरवली असती. माझी मुलगी एक ठिपका सोडत नाही. तुमचं वय झालंय, बाबा. विसरलात तुम्ही.” आणि वाडीतले सगळे म्हणू लागले, होय, हल्ली विसरतातच. वसईला जायच्या आधी गुलाबाला दोनदा खत घातलं. दार उघडं टाकून गेले होते. त्या बंगल्यातल्या बाईंना भलत्याच नावाने हाक मारली. जो तो काही ना काही आठवून सांगत होता, आणि सगळं खरंच होतं. भिवाबाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग गर्दीतून वाट काढत ते माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता हे माझं नाव घेणार. कोणी घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणीही वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत आरोप नव्हता. भीती होती. असं माणूस डॉक्टरकडे बघतं.

“पोरी,” त्यांनी विचारलं, “मी तुला बाव सांगितली व्हती ना गं? चाळीस पावलं म्हनून? का नव्हती सांगितली?”

ते खरंच विचारत होते. त्यांचं त्यांना खात्रीने सांगता येईना. ते गाव त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याही डोक्यात उरलं नव्हतं, अकरा घरं, खळं, बापाने बांधलेली विहीर, आणि ते सगळं हातात धरून ते माझ्यासमोर उभे होते. मी अण्णांकडे पाहिलं. मी म्हटलं, “मला नाही आठवत, बाबा.”

हे कुणाला कळलं नाही. दत्तूमामा पुढे पन्नास वर्षं जगला. भिवाबाबांचं नाव निघालं की शेवटपर्यंत त्याच्या कपाळावर शीर उभी राहायची आणि मी विषय बदलायचे. अण्णा तर माझ्या हातच्या नकाशांचं कौतुक सांगतच गेले. यांतल्या एकाला जरी सांगितलं असतं, तर आज हे लिहावं लागलं नसतं. सांगण्यासारखे हजार दिवस आले आणि प्रत्येक दिवशी मला दुसरं काहीतरी काम होतं. लोक म्हणतात वय झालं की ओझं हलकं होतं. माझं झालं नाही.

भिवाबाबा माझं उत्तर ऐकून तिथेच उभे राहिले. ओठ हलत होते, बहुतेक ते पुन्हा तो कागद आठवून बघत होते. “मग नसंल सांगितलं,” ते म्हणाले. कोणाकडेही न बघता ते फाटकाबाहेर पडले, रस्ता ओलांडून समोरच्या चाळीत गेले. काकूंचं दार उघडं होतं. आम्हाला फाटकातून सगळं दिसत होतं. त्यांनी उंबऱ्याशी बसून डोकं जमिनीला टेकलं आणि काहीतरी सांगितलं. काकू आतून आल्या. बराच वेळ त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी तांदळाचं ताट घेऊन गॅलरीत बसले. दिवे लागले. काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांना उत्तर मिळालं होतं.